शिकागोत बंदुकीच्या वाटेवरच्या मुलांबरोबर काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिकागोत क्लिनिकल सोशल वर्कर आहे. गोळी लागलेली, गोळी झाडण्याच्या बेतात असलेली किंवा रोज गोळ्यांचे आवाज ऐकत झोपणारी, साधारण १२ ते २४ वयाची मुलं माझ्याकडे येतात. मंडळाच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, भारतात गेलं की मामा-मावश्यांकडे तेच तेच प्रश्न येतात. एकदा लिहूनच ठेवते. मुलांचे तपशील बदललेले आहेत, काही ठिकाणी दोन-तीन मुलांचं मिळून एक केलेलं आहे.

तुम्ही नेमकं करता काय? हे पोलिसांचं काम ना?

पोलीस गोळी चालल्यावर येतात. आम्ही त्याच्या आधी असतो, किंवा एका गोळीच्या आणि तिच्या सूडाच्या मधल्या दिवसांत.

निम्मं काम समोरासमोर बसून बोलण्याचं नसतंच. शाळेत पुन्हा नाव घालणं, कोर्टाच्या तारखेला सोबत जाणं, हरवलेलं ओळखपत्र काढून देणं, आईला दुसऱ्या भागात घर मिळतंय का पाहणं. उरलेलं निम्मं म्हणजे थेरपी. तिचं उद्दिष्ट मी घरच्यांना असं सांगते: राग डोक्यात गेल्यापासून चाप ओढेपर्यंतचा वेळ वाढवायचा. दोन मिनिटांची दहा झाली तरी पुष्कळ. मुठीने भांडलं तर नाक फुटतं, आणि दुसऱ्या दिवशी पस्तावायला दोघंही शिल्लक असतात.

पण ही मुलं गुन्हेगारच असतात ना?

काही जणांनी गुन्हे केलेले असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण "मारणारे" आणि "मार खाणारे" अशा दोन वेगळ्या रांगा मला इतक्या वर्षांत दिसलेल्या नाहीत. या महिन्यात ज्याच्या मांडीतून गोळी काढली, तो मागच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या मागे लागलेला असतो. त्याच्याही आधी, नऊ वर्षांचा असताना, त्याने भावाला जिन्यात पडलेलं पाहिलेलं असतं.

समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्टोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या २००६ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या. एकत्र अटक झालेल्या लोकांचं जाळं त्यांनी मांडलं. गोळी लागून वाचलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के माणसं अशा जाळ्यांत सापडली, आणि ती सगळी जाळी मिळून शहराच्या लोकसंख्येच्या ६ टक्क्यांहून कमी होती. म्हणजे अख्खी वस्ती "तसली" नसते. थोडी मुलं एकमेकांच्या खुन्नशीत अडकलेली असतात आणि बाकीचे लाखभर लोक त्यांच्या शेजारी पोहे... म्हणजे पॅनकेक खात असतात.

बंदूक का बाळगतोस, असं विचारलं की सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर एकच असतं: भीती वाटते म्हणून. शब्द वेगळे असतात, कारण "भीती" हा शब्द सोळा वर्षांचा मुलगा तोंडातून काढत नाही.

आकडे खरंच इतके वाईट आहेत?

आहेत. २०२० मध्ये अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक झाली. त्याआधी कित्येक दशकं ते वाहनांचे अपघात होतं. २०२१ मध्ये सगळ्या वयांचे मिळून ४८,८३० लोक बंदुकीने गेले. त्यातले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्या होत्या, हे भारतात कुणालाच माहीत नसतं. तिकडच्या बातम्यांत दिसणारे शाळांमधले गोळीबार या आकड्यातला अगदी छोटा हिस्सा आहेत.

शिकागोपुरतं बोलायचं तर २०२१ मध्ये इथे ८०० च्या आसपास खून झाले. २०२४ मध्ये तो आकडा ६०० च्या खाली आला. श्रेय कुणाचं यावर इथे रोज भांडण असतं, त्यात मी पडत नाही.

पहिल्या भेटीत काय विचारता?

पहिल्या भेटीत बहुतेक वेळा काही विचारत नाही. चिप्सचं पाकीट पुढे सरकवते. मुलगा दाराकडे तोंड करून बसतो, म्हणून ती खुर्ची मी मुद्दाम रिकामी ठेवते. दाराकडे पाठ असलेल्या खुर्चीत मी बसते. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, एका मुलाने शिकवलं. तो पहिले तीन आठवडे उभाच राहायचा.

इमर्जन्सी विभागात इतका निवांतपणा नसतो. तिथे सेफ्टी स्कोअर नावाची चार प्रश्नांची यादी कामी येते. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरातल्या तरुण रुग्णांच्या अभ्यासातून ती तयार झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या काही महिन्यांत गंभीर मारामाऱ्या किती, मित्रांपैकी शस्त्र बाळगणारे किती, राहतोस तिथे गोळ्यांचे आवाज किती वेळा येतात, आणि कुणी तुझ्यावर बंदूक रोखली का. गुण जितके जास्त तितका पुढच्या काळात गोळीबारात सापडण्याचा धोका जास्त. गंमत बघा, यातला एकही प्रश्न "तू वाईट आहेस का" असं विचारत नाही. चारपैकी तीन प्रश्न तर त्याच्या आजूबाजूच्या जगाविषयी आहेत.

"तुझ्याकडे बंदूक आहे का" असं सरळ विचारता? कायद्याने चालतं का?

चालतं. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांना असे प्रश्न विचारायला अटकाव करणारा कायदा केला होता. २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. आमच्या इलिनॉय राज्यात असा अडसर कधी आलाच नाही.

पण सरळ विचारून खरं उत्तर मिळत नाही, त्यामुळे प्रश्न फिरवून टाकावा लागतो. "समज, आज रात्री तुला एक हवीच असली. किती वेळात मिळेल?" एका पंधरा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "जेवणाच्या आधी की नंतर?" मी म्हटलं, "आधी." तो म्हणाला, "वीस मिनिटं. नंतर म्हणालात तर दहा, तोवर तो घरी येतो." तो म्हणजे चुलतभाऊ. आमचं पुढचं दोन महिन्यांचं काम त्या चुलतभावापाशी ठरलं. ती वीस मिनिटं दोन दिवसांची कशी होतील, एवढंच आम्ही बघत होतो.

थेरपीत बोलून राग जातो का?

राग जात नाही आणि जायलाही नको. ज्या गल्लीत तो राहतो तिथे राग थोडा उपयोगाचाच असतो.

इथल्या "बिकमिंग अ मॅन" या कार्यक्रमातला एक खेळ सांगते. तो २००१ मध्ये टोनी डिव्हिटोरिओ या समुपदेशकाने इथल्या शाळेत सुरू केला, आणि "यूथ गायडन्स" ही संस्था तो चालवते. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो काढून घे. मग खोलीभर झोंबाझोंबी. बोटं पिरगाळतात, मनगटं वळवतात, दोघं-दोघं जमिनीवर लोळतात. वेळ संपली की समुपदेशक विचारतो, "कुणी नुसता मागितला का?" मुलं म्हणतात, मागितला असता तर त्याने मला बावळट समजलं असतं. मग ज्याच्या मुठीत चेंडू होता त्याला विचारतात. तो खांदे उडवतो: "दिला असता की. चेंडूच तर आहे."

पुढचे कित्येक महिने याच खेळावर चालतात. समोरच्याच्या डोक्यात काय आहे याचा आपण किती झटकन निकाल लावतो, तो निकाल कुठे बरोबर ठरतो आणि कुठे जिवावर बेततो. रस्त्यावर पाकीट मागणाऱ्यापुढे ताठ उभं राहिलं नाही तर उद्या आणखी चार जण मागतील, हे त्याचं गणित चूक नसतं. वर्गातल्या बाईंनी टोपी काढ म्हटल्यावरही तेच गणित लावलं की शाळेतून काढतात. कुठलं गणित कुठे लावायचं हे ओळखायला क्षणभर थांबावं लागतं. याला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. नाव मोठं आहे. आमच्या आजीने "दहा आकडे मोज" एवढ्यात उरकलं असतं, पण ते दहा आकडे मोजायचे कसे याचा सराव आजी घेत नव्हती.

याने फरक पडतो याला पुरावा काय?

या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेते, कारण आमच्या क्षेत्रात चांगल्या हेतूलाच पुरावा समजणारे खूप आहेत.

बिकमिंग अ मॅनची तपासणी शिकागो विद्यापीठाच्या क्राइम लॅब या संशोधन केंद्राने केली. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले, एकाला कार्यक्रम मिळाला आणि दुसऱ्याला नाही. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. हा आकडा सगळे सांगतात. कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला तो फरक ओसरला, हे मात्र कमी जण सांगतात. शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, ते टिकलं.

दुसरा प्रयोग "रेडी शिकागो". २०१७ मध्ये सुरू झाला, जास्तच धोक्यातल्या पुरुषांसाठी. १८ महिने पगारी काम आणि सोबत हीच थेरपी. जवळजवळ अडीच हजार जणांचे चिठ्ठ्यांनी असेच दोन गट केले. गंभीर हिंसेचं जे एकत्रित मोजमाप आधी ठरवलं होतं, त्यात ठोस फरक निघाला नाही. पण गोळीबार आणि खुनासाठी झालेल्या अटका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी दिसल्या, आणि ही घट जपून वाचा असं संशोधकांनीच बजावलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. काही माणसं संगणकाच्या अंदाजाने निवडली होती, काही वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी "याला घ्याच" म्हणून पाठवली होती. सगळ्यात जास्त फायदा या दुसऱ्या गटाला झालेला दिसला. कोण आता बदलायला तयार आहे हे कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळतं.

हे वस्तीत फिरणारे कार्यकर्ते कोण?

बहुतेक जण स्वतः त्याच वाटेने जाऊन, तुरुंगात वर्षं काढून आलेले असतात. साथीच्या रोगांचे डॉक्टर गॅरी स्लटकिन यांनी २००० मध्ये शिकागोच्या वेस्ट गारफील्ड पार्क भागात अशा कार्यकर्त्यांचा प्रयोग लावला. त्यांनी आफ्रिकेत क्षय, कॉलरा आणि एड्सवर काम केलं होतं. हिंसा साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मग साथीसारखीच मध्ये अडवा, असा त्यांचा विचार. मला तो पूर्ण पटत नाही. जंतू अपमान लक्षात ठेवत नाही. पण त्यांनी निवडलेली माणसं मात्र योग्यच होती. माझी पदवी जिथे दारातच अडते तिथे त्यांना आत बोलावून खुर्ची देतात.

रुग्णालयात, खाटेपाशी काय घडतं?

गोळी लागून आलेल्या मुलाला डॉक्टर वाचवतात आणि अनेकदा दोन दिवसांत घरी पाठवतात. घर कुठे? जिथे गोळी लागली त्याच गल्लीत. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये शर्मन स्पीयर्स या तरुणाने ही फट हेरली. तो स्वतः गोळी लागून व्हीलचेअरवर होता. दुसऱ्या जखमी मुलांच्या खाटेशी जाऊन बसायला त्याने सुरुवात केली. तिथून रुग्णालयात बसून हिंसा थोपवण्याच्या कार्यक्रमांची परंपरा सुरू झाली आणि आज ती अनेक शहरांत आहे. शिकागोच्या दक्षिण भागात तर कित्येक वर्षं मोठ्यांसाठी पूर्ण सोयींचं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर तातडीने उपचार करणारं केंद्रच नव्हतं. तिथल्या तरुणांनी रस्त्यावर उतरून मागणी लावून धरली, तेव्हा मे २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात ते उघडलं.

खाटेपाशी पहिले काही तास वेगळेच असतात. कपडे कापून काढलेले, पुरावा म्हणून पोलिसांनी पिशवीत नेलेले. बूटसुद्धा गेलेले. मुलाला सगळ्यात जास्त राग बुटांचा असतो. मोबाइल सतत थरथरत असतो, मित्र विचारत असतात: कोण होता, सांग फक्त. त्या मोबाइलवरून जे उत्तर जाईल त्यावर दुसऱ्या कुणाचा जीव अवलंबून असतो. अशा वेळी मी "सूड घेऊ नकोस" म्हणत नाही, कारण ते वाक्य त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. मी विचारते, "आई कुठे आहे? तिला आज रात्री कुठे झोपवायचं?" मग तो विचार करायला लागतो. खुन्नस आली की आईच्या खिडकीवर गोळ्या येतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. दोन-तीन दिवस गेले, दुखणं उतरलं, आई मावशीकडे पोचली, की त्याच मोबाइलवर "सोड रे" असं लिहिलं जाऊ शकतं. प्रत्येक वेळी जातंच असं नाही.

आणखी एक. शरीरातली प्रत्येक गोळी काढत नाहीत. काढताना जास्त इजा होणार असेल तर डॉक्टर ती आतच ठेवतात. मुलांना हे कुणी नीट समजावत नाही. एक मुलगा रात्री कुशीवर झोपायचा नाही, गोळी सरकून हृदयात जाईल म्हणून. सर्जनला बोलावून एक्स-रेवर ती कुठे आहे आणि का हलणार नाही हे दाखवलं, तेव्हा त्याला झोप लागली. औषधाची गोळी मी पुष्कळांना सुचवली आहे. मराठीत दोन्हीला एकच शब्द, हे त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

धोका संपलेलाच नाही, तर ट्रॉमाचा उपचार कसा करणार?

सगळ्यात अवघड प्रश्न. आघातानंतरच्या ताणाचे बहुतेक उपचार "ते झालं ते होऊन गेलं, आता तू सुरक्षित आहेस" या गृहीतावर उभे आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी हे सांगितलं तर तो उठून जाईल, आणि बरोबरच करेल. गाडीचा सायलेन्सर फटकन वाजला की खाली वाकणं हा त्याचा आजार आहे की शहाणपण?

मग आम्ही दोन याद्या करतो. एकीत खरा धोका: अमुक कोपरा, अमुक दुकान, शनिवारी रात्री. दुसरीत जुनी आठवण: फटाके, शाळेतलं पडलेलं बाक, लिफ्टचं दार. पहिल्या यादीसाठी आखणी करायची, कुठली बस, कुणाबरोबर, किती वाजता. दुसऱ्या यादीवर थेरपी. एक मुलगा बस टाळून रोज दोन मैल चालायचा. बसमध्ये मागून कुणीतरी येईल ही भीती. आम्ही एकत्र बसलो, आधी एक थांबा, मग दोन, सगळ्यात मागच्या सीटवर, पाठीमागे काच. पाचव्या आठवड्यात तो म्हणाला, "मिस, तुम्ही आता नाही आलात तरी चालेल." मला जरा वाईटच वाटलं.

झोप आणि दुःस्वप्नं फार असतील तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. राग घालवणारी गोळी मात्र कुणाकडे नाही. आयांनी मला हे फार वेळा विचारलंय.

आत्महत्येचा धोका असेल तर काय वेगळं करता?

इथे सगळ्यात आधी बंदूक मुलापासून दूर करायची, बाकीचं नंतर. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहापैकी नऊ वेळा जीव घेतो. आणि जीव द्यावासा वाटण्याची लाट फार थोडा वेळ असते. ह्यूस्टनमध्ये मरता मरता वाचलेल्या तरुणांना विचारलं, तेव्हा जवळजवळ चौघांपैकी एकाने सांगितलं की ठरवल्यापासून प्रयत्नापर्यंत पाच मिनिटंही गेली नव्हती. जे प्रयत्नातून वाचतात त्यांतले बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. तेवढी लाट ओसरू द्यायची.

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. घरात, खाटेखाली कीटकनाशकाचा डबा असणं आणि तो कुलपात, शेतावर असणं यात काय अंतर आहे हे तिथे घराघराला माहीत आहे. श्रीलंकेने एकेक जहाल कीटकनाशक बंद केलं आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये तरुण सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत रायफल घरी न्यायला मनाई केली, तेव्हा त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. सैनिक तेच होते, त्यांची दुःखंही तीच होती. रायफल फक्त दोन दिवस हाताशी नव्हती.

घरच्यांशी बोलताना मी बंदुकीच्या हक्कावर वाद घालत नाही. "मुलाचा हा कठीण काळ संपेपर्यंत भावाकडे ठेवता का?" असं विचारते. जमणारच नसेल तर गोळ्या काढून बंदूक कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. किल्ली कुठे आहे ते मुलांना माहीत नाही अशी बापांची खात्री असते. मुलाला एकटं विचारलं की तो ड्रॉवर नेमका सांगतो.

आम्ही शिकागोबाहेर नेपरव्हिल उपनगरात राहतो, मुलं चांगल्या शाळेत आहेत. आमचा काय संबंध?

तुमच्या मुलाच्या मित्राच्या तळघरात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? पहिल्यांदा खेळायला पाठवताना आपण विचारतो, घरी कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, अंडं चालतं पण मांस नको. त्याच दमात "घरात बंदूक असेल तर कुलपात असते ना?" हेही विचारा. लाज वाटत असेल तर माझ्या नावावर खपवा. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२६ पासून १८ वर्षांखालचं मूल पोचू शकेल अशा ठिकाणी बंदूक कुलपाशिवाय ठेवणं कायद्याने चालत नाही, म्हणजे प्रश्न आगाऊपणाचा उरलेला नाही.

आपल्या घरांतला दुसरा घोळ वेगळा आहे. मुलगा महिनाभर खोलीतून बाहेर येत नाही, मार्क घसरलेत, आणि आई-बाबा मला फोनवर दबक्या आवाजात सांगतात, "मंडळात कुणाला कळायला नको." मी कुणाला सांगत नाही. पण तीन महिने उशिरा फोन येतो तेव्हा ते तीन महिने मलाही परत आणता येत नाहीत.

शाळेत गोळीबार करणारा मुलगा आधी ओळखता येतो का?

चेहऱ्यावरून किंवा "एकलकोंडा, काळे कपडे" अशा वर्णनावरून नाही. तशी हजारो मुलं असतात, माझ्या घरातही एक आहे. पण करणारा मुलगा बहुतेकदा आधी कुणाला तरी काहीतरी बोललेला, लिहिलेला असतो.

३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या मुलाने गणिताच्या कागदावर बंदूक काढली आणि खाली लिहिलं की विचार थांबत नाहीत, मदत करा. शाळेने आई-वडिलांना बोलावलं. बैठक झाली, त्यांनी त्याला घरी नेलं नाही, तो वर्गात परत गेला. दप्तर कुणी उघडलं नाही. दप्तरात वडिलांनी चार दिवसांपूर्वी घेतलेलं पिस्तूल होतं. चार विद्यार्थी गेले. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघंही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले.

मी शाळांच्या प्रशिक्षणात हा कागद नेहमी घेते. मुलाने मदत मागितली होती, तीही लिहून. त्या खोलीत एकाने जरी "घरी बंदूक आहे का, आणि ती आत्ता कुठे आहे?" हे दोन प्रश्न विचारले असते तर बैठक वेगळी झाली असती.

मूल जे सांगतं ते गुप्त राहतं का?

बहुतेक सगळं. इलिनॉयमध्ये १२ ते १७ वयाचं मूल पालकांना न विचारता प्रत्येकी दीड तासाच्या आठ बैठकांपर्यंत समुपदेशन घेऊ शकतं. पण स्वतःला किंवा दुसऱ्याला उघड आणि नजीकचा धोका असेल तर मला २४ तासांत राज्याच्या विभागाला कळवावंच लागतं. धोक्यातल्या तिसऱ्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्टवर आली ती कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ मधल्या टॅरासॉफ निकालाने. त्या प्रकरणातला आरोपी बंगालमधून बर्कलीला शिकायला आलेला विद्यार्थी होता, हे इथल्या आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं.

हे सगळं मी मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. नंतर सांगितलं तर तो दगा वाटतो.

बंदुकीवर बंदी घातली की प्रश्नच मिटेल ना?

अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. मंगळवारी चार वाजता माझ्यासमोर जो बसणार आहे त्याला या वादाने काही मिळत नाही. कायद्यांनी फरक पडतो असं माझं मत आहे. ते मी मतपेटीत टाकते.

पैसे कोण देतं?

सरकारी अनुदान, देणग्या, आणि २०२१ पासून काही राज्यांत गरिबांसाठीचा मेडिकेड विमा. इलिनॉय आणि कनेक्टिकट त्यात पहिली. जून २०२२ च्या संघीय कायद्याने वस्तीतल्या अशा कामासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये संघीय न्याय विभागाने देशभरातली कित्येक अनुदानं मध्येच तोडली, त्यात असे कार्यक्रमही होते. मुलाला त्यातलं एवढंच दिसतं की नेहमीचा माणूस शुक्रवारी होता आणि सोमवारी नाही. त्याच्या आयुष्यात असं आधीही झालेलं असतं.

पुण्यातल्या कोयता गँगला हे लागू पडेल का?

बरंचसं पडेल. कोयता फिरवत रील काढणारी पोरं आणि इथली पोरं यांच्या बोलण्यात मला फार फरक दिसत नाही. मान, खुन्नस, परिसरातला "भाई", आणि घरी कुणाला वेळ नाही. कोयत्यापासून पळता तरी येतं. पण गावठी कट्टा फार लांब नाही. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशातलं उमर्टी त्यासाठीच पोलिसांच्या तोंडी असतं.

मला खटकतं ते हे. वार लागलेला सतरा वर्षांचा मुलगा सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत येतो, टाके पडतात, एमएलसी म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून नोंद होते, पोलीस जबाब घेतात, आणि तो घरी जातो. त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसणारं कुणी नसतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला तर बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक क्षमता तपासायची तरतूद आहे, म्हणजे मानसशास्त्रज्ञ तेव्हा येतो. मुलगा स्वतः जखमी असतो तेव्हाच तो आला तर स्वस्तात पडेल.

या क्षेत्रात यायचं असेल तर?

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची, त्यात प्रत्यक्ष कामाचे किमान ९०० तास. इलिनॉयमध्ये स्वतंत्र क्लिनिकल परवान्यासाठी पदवीनंतर देखरेखीखाली आणखी ३,००० तास. पगारासाठी येऊ नका. मराठी उच्चारांची लाज बाळगू नका, मुलं चार दिवस नक्कल करतात आणि मग कंटाळतात.

जाता जाता एक जुनी ओळख. शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये वस्तीत राहून काम करण्यासाठी हल हाउस सुरू केलं. त्याच प्रकारचं नेबरहुड हाउस अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात मुंबईत नागपाड्याला उभं केलं, आणि १९३६ मध्ये ज्या संस्थेला आज आपण टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो तिचे ते पहिले संचालक झाले. मी तिथेच शिकले. इथे आल्यावर हल हाउसची उरलेली इमारत पाहायला गेले तेव्हा नागपाड्याची आठवण आली, मुख्यतः जिन्यामुळे.

आत्ता, या क्षणी मदत हवी असेल तर?

अमेरिकेत ९८८ वर फोन किंवा मेसेज करा, दिवसरात्र चालू असतं. भारतात टेली-मानस, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर अमेरिकेत ९११, भारतात ११२. घरात शस्त्र असेल तर फोन करणाऱ्याने ते पहिल्या वाक्यात सांगावं.